इन्स्पेक्टर मॉर्स मालिकेतील ऑपेरा संगीत

'इन्स्पेक्टर मॉर्स' ही इंग्लंडमधील ऑक्सफर्ड शहराच्या पार्श्वभूमीवरील पोलीस तपासकथांची दूरचित्रवाणी मालिका आहे. आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर ६ जानेवारी १९८७ ते १५ नोव्हेंबर २००० या काळात तिचे ३३ भाग प्रसारित झाले. कॉलिन डेक्स्टर यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेत जॉन थॉ यांनी मुख्य निरीक्षक मॉर्सची आणि केव्हिन व्हेटली यांनी त्याचा सहकारी सार्जंट लुईस याची भूमिका केली. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा, विशेषतः ऑपेराचा, कथेच्या रचनेतच केलेला वापर हे मालिकेचे ठळक वैशिष्ट्य मानले जाते. रिखार्ड वाग्नर, मोझार्ट आणि पुच्चीनी यांच्या ऑपेरांतील संगीत तिच्यात आणि तिच्यापासून निघालेल्या 'एंडेव्हर' या मालिकेत येते. मालिकेचे मूळ संगीत बॅरिंग्टन फेलुंग या ऑस्ट्रेलियन संगीतकाराचे आहे.

मराठीत ऑपेराला 'संगीतिका' असा प्रतिशब्द रूढ आहे. ऑपेरात बहुधा सर्व संवाद गायले जातात. त्यातील एकल गायनाच्या स्वतंत्र, स्वयंपूर्ण पदाला 'आरिया' म्हणतात. मालिकेत ऐकू येणारे बरेचसे ऑपेरा संगीत आरियांच्या स्वरूपात आहे.

== पार्श्वभूमी ==

कॉलिन डेक्स्टर (१९३०–२०१७) यांची 'लास्ट बस टू वुडस्टॉक' ही पहिली मॉर्स कादंबरी १९७५ साली, तर 'द रिमोर्सफुल डे' ही शेवटची १९९९ साली प्रकाशित झाली. डेक्स्टर मूळचे अभिजात भाषांचे शिक्षक होते. वाढत्या बहिरेपणामुळे त्यांना १९६६ मध्ये शाळेतील अध्यापन सोडावे लागले आणि ते ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या परीक्षा मंडळात नोकरीस लागले. ऐकू येण्याची क्षमता क्षीण होत गेलेल्या लेखकाने आपल्या नायकाला मात्र संगीत ऐकल्याशिवाय न राहवणारा माणूस केले, ही बाब मॉर्सच्या व्यक्तिरेखेचा विचार करताना दुर्लक्षिता येत नाही. शब्दकोडी, बीअर, ए. ई. हाउसमन यांची कविता आणि वाग्नरचे संगीत या मॉर्सच्या चारही आवडी लेखकाच्याच होत्या.

कादंबरीत संगीताचा फक्त उल्लेख करता येतो. वाग्नरचा एखादा अंक लावून मॉर्स खुर्चीत बसला, एवढे लेखक सांगू शकतो. ते संगीत कानावर पडण्यासाठी वाचकाला ते आधीपासून ठाऊक असावे लागते. दूरचित्रवाणीने ही अडचण दूर केली. निर्माते केनी मॅकबेन यांच्या काळात मालिकेची जी घडण झाली, तिच्यात प्रत्येक भागासाठी जाहिरातींसह दोन तासांचा अवधी ठेवण्यात आला होता. त्या काळातील पोलीस मालिकांचे भाग साधारणपणे तासाभराचे असत. या ऐसपैस लांबीमुळे संवादाविना काही क्षण केवळ संगीतावर सोपवणे शक्य झाले. गाडी ऑक्सफर्डच्या रस्त्यांवरून संथपणे जात आहे, मॉर्स काहीच बोलत नाही आणि आरिया मात्र पूर्णत्वाला जात आहे, अशी दृश्ये मालिकेत वारंवार येतात.

'द डेड ऑफ जेरिको' या पहिल्या भागाची पटकथा अँथनी मिंगेला यांची होती. हेच मिंगेला पुढे 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध झाले. या पहिल्याच भागात मॉर्स हौशी गायनवृंदात गाताना दिसतो आणि ज्या स्त्रीच्या मृत्यूचा तो पुढे तपास करतो, ती अॅन स्टेव्हली त्याच वृंदातील त्याची सहगायिका असते. तपास करणारा आणि मृत व्यक्ती यांचा संबंध संगीतातून जोडण्याची ही पद्धत नंतरच्या अनेक भागांत निरनिराळ्या रूपांत आढळते.

== शीर्षकसंगीत आणि संकेतलिपी ==

बॅरिंग्टन फेलुंग (१९५४–२०१९) यांचा जन्म सिडनीजवळील मॅन्ली येथे झाला. गिटारवादक म्हणून सुरुवात करून ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकले. मॉर्स मालिकेचे शीर्षकसंगीत ही त्यांची सर्वांत परिचित रचना आहे. नायकाच्या आडनावावरून त्यांनी तारायंत्राच्या मॉर्स संकेतलिपीचा आधार घेतला आणि 'मॉर्स' या नावाची पाच इंग्रजी अक्षरे त्या लिपीत जशी वाजतील, तशी लय रचनेत गुंफली.

मराठी वाचकाला ही रचना वृत्तशास्त्राच्या भाषेत चटकन उलगडते. संकेतलिपीतील टिंब म्हणजे लघू आणि रेघ म्हणजे गुरू असे मानल्यास पहिले अक्षर दोन गुरूंचे, दुसरे तीन गुरूंचे म्हणजे म-गण, तिसरे लघू-गुरू-लघू म्हणजे ज-गण, चौथे तीन लघूंचे म्हणजे न-गण आणि पाचवे एकच लघू असे होते. एकूण १२ चिन्हांपैकी सहा गुरू आणि सहा लघू. फरक इतकाच, की वृत्तात गुरू अक्षर लघूच्या दुप्पट मोजले जाते, तर तारयंत्राच्या नियमानुसार रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असते. सुरुवातीला दीर्घ असणारी लय शेवटाकडे तुटक होत जाते. आधी रेंगाळणारी आणि मग अचानक संपणारी ही चाल मालिकेच्या उदास स्वभावाला शोभून दिसते. ती तंतुवाद्यांच्या संथ स्वरावलीखाली वाजत राहत असल्याने प्रथम ऐकणाऱ्याच्या लक्षात बहुधा येत नाही.

फेलुंग यांनी हा खेळ शीर्षकसंगीतापुरता ठेवला नाही. काही भागांच्या पार्श्वसंगीतात त्यांनी खुन्याचे नाव संकेतलिपीत लपवले होते आणि काही वेळा जाणकार श्रोत्यांना चकवण्यासाठी मुद्दाम भलत्याच पात्राचे नाव पेरले होते, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. शब्दकोडी सोडवणाऱ्या नायकाच्या मालिकेत संगीतही एक कोडे बनले, असे त्यामुळे म्हणता येते. मात्र ऑपेरातील उतारे आणि फेलुंग यांचे मूळ संगीत यांची कामे वेगवेगळी आहेत. मूळ संगीत घटनांच्या पाठीमागे राहते. ते फक्त प्रेक्षकासाठी असते. ऑपेरा बहुतेक वेळा कथेच्या आत, मॉर्सच्या गाडीत, घरात किंवा रंगमंचावर वाजत असतो आणि तो पात्रांनाही ऐकू येतो. एखाद्या दृश्यात गाडीतील आरिया हळूहळू पार्श्वसंगीताचे रूप घेते आणि दुसऱ्याच ठिकाणी घडणाऱ्या घटनेवर पसरते, तेव्हा ही सीमा पुसली जाते. मालिकेच्या दिग्दर्शकांनी ही युक्ती पुष्कळदा आणि क्वचित गरजेपेक्षा जास्त वापरली आहे.

== मॉर्सची व्यक्तिरेखा आणि ऑपेरा ==

मॉर्स अविवाहित, एकटा राहणारा आणि स्वभावाने तिरसट आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात शिक्षण घेऊनही त्याला पदवी पूर्ण करता आलेली नाही. त्यामुळे शहरातील प्राध्यापक मंडळींविषयी त्याच्या मनात आदर आणि कडवटपणा एकत्र नांदतात. ऑपेरा ही त्या उच्चभ्रू जगाशी त्याला जोडणारी, पण कोणाच्या परवानगीवर अवलंबून नसलेली गोष्ट आहे. पदवी नसली तरी वाग्नर ऐकण्यापासून त्याला कोणी अडवू शकत नाही.

याउलट लुईस हा कामगारवर्गीय, कुटुंबवत्सल आणि व्यवहारी माणूस आहे. मॉर्सच्या संगीताविषयी त्याला काही कळत नाही आणि मॉर्स ते त्याला वारंवार ऐकवतो. या दोघांमधील संगीतविषयक चकमकी मालिकेतील विनोदाचा एक मोठा भाग आहेत. तरीही लेखकांनी लुईसला अडाणी ठरवलेले नाही. मॉर्सला ज्या साध्या मानवी गोष्टी दिसत नाहीत, त्या बऱ्याचदा लुईसला आधी दिसतात.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की मॉर्सचा कान जितका तयार आहे, तितकी त्याची माणसांची पारख खात्रीची नाही. सुंदर गाणारी किंवा संगीताची जाण असणारी व्यक्ती चांगलीच असेल, असे तो नकळत गृहीत धरतो. मालिकेत आणि पुढे 'एंडेव्हर'मध्ये गायिकांविषयीचे त्याचे आकर्षण त्याला एकापेक्षा अधिक वेळा अडचणीत आणते. ऑपेरा त्याला आधार देतो आणि त्याच्या डोळ्यांवर पट्टीही बांधतो. खालील भागांतून ही दुहेरी भूमिका विशेष स्पष्ट होते.

== 'मॅसॉनिक मिस्टरीज' (१९९०) ==

२४ जानेवारी १९९० रोजी प्रसारित झालेला हा भाग ज्युलियन मिचेल यांनी लिहिला आणि डॅनी बॉयल यांनी दिग्दर्शित केला. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) या चित्रपटामुळे बॉयल यांचे नाव पुढे भारतात सर्वपरिचित झाले. या भागाचा संपूर्ण सांगाडा मोझार्टच्या 'जादूची बासरी' या ऑपेरावर उभा आहे.

'जादूची बासरी' ३० सप्टेंबर १७९१ रोजी व्हिएन्नात प्रथम सादर झाली. संगीतकार मोझार्ट आणि संहिता लिहिणारे इमानुएल शिकानेडर हे दोघेही फ्रीमेसन या बंधुसंघटनेचे सभासद होते. संघटनेच्या दीक्षाविधीतील प्रतीके या कृतीत जागोजागी आढळतात. तीन या संख्येला विशेष स्थान आहे: रात्रीच्या राणीच्या तीन सेविका, वाट दाखवणारी तीन मुले, आरंभीचे तीन भारदस्त स्वरमेळ आणि मूळ स्वरश्रेणीतील तीन कोमल स्वर. कथेचा नायक राजपुत्र टामिनो याला मौन, अग्नी आणि जल यांच्या परीक्षांतून जावे लागते. गाण्यांच्या मध्ये गद्य संवाद असलेला हा 'झिंगश्पील' नावाचा जर्मन नाट्यप्रकार आहे. पद आणि गद्य यांच्या या मांडणीमुळे मराठी संगीत नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला तो सर्वस्वी गायल्या जाणाऱ्या इटालियन ऑपेरापेक्षा जवळचा वाटू शकतो.

भागाच्या सुरुवातीस ऑक्सफर्डमधील हौशी मंडळी या ऑपेराची तालीम करीत असतात आणि मॉर्स वृंदात गात असतो. तालमीच्या वेळीच त्याची मैत्रीण बेरिल न्यूसम हिचा खून होतो आणि संशय खुद्द मॉर्सवर येतो. बेरिलची भूमिका केव्हिन व्हेटली यांच्या पत्नी मॅडेलिन न्यूटन यांनी केली. पुढे मॉर्सविरुद्ध एकामागून एक पुरावे उभे राहतात, पोलिसांच्या संगणकातील नोंदी बदलल्या जातात आणि फ्रीमेसन संघटनेकडे बोट दाखवणाऱ्या खुणा सापडत जातात. या सर्वांमागे मॉर्सने पूर्वी तुरुंगात पाठवलेला ह्यूगो डी व्ह्रीस हा गुन्हेगार असल्याचे उघड होते. ही भूमिका इयन मॅकडायर्मिड यांनी केली.

येथे ऑपेरा केवळ खुनाचे स्थळ राहत नाही. डी व्ह्रीस मॉर्सची आवड जाणतो आणि तिचेच हत्यार करतो. अटक, संशय आणि आग यांतून जाणाऱ्या मॉर्सच्या यातना टामिनोच्या परीक्षांसारख्या रचलेल्या आहेत. फरक एवढाच, की ऑपेरातील परीक्षा ज्ञानाकडे नेतात आणि येथील परीक्षा माणसाला उद्ध्वस्त करण्यासाठी आहेत. रात्रीच्या राणीची प्रसिद्ध आरिया ही सुडाची आरिया आहे आणि सूड हेच डी व्ह्रीसचे प्रयोजन आहे. मॉर्सला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट त्याच्या शत्रूलाही तितकीच अवगत आहे, हे या भागाचे खरे भय. सुसंस्कृत अभिरुची आणि क्रौर्य एकाच माणसात राहू शकतात, हे मॉर्सला मान्य करावे लागते. मालिकेतील संगीत आणि कथानक यांची सर्वाधिक घट्ट वीण याच भागात साधली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

== 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स' (१९९३) ==

२० जानेवारी १९९३ रोजी प्रसारित झालेल्या या भागाचे शीर्षक वाग्नरच्या 'ग्योटरडेमरुंग' या ऑपेराच्या नावाचा इंग्रजी अनुवाद आहे. मराठीत त्याचा अर्थ 'देवांचा अस्त' असा होतो. 'निबेलुंगची अंगठी' या चार ऑपेरांच्या मालिकेतील ही शेवटची कृती असून तिचा पहिला प्रयोग १७ ऑगस्ट १८७६ रोजी बायरॉइट येथे झाला. अखेरच्या प्रवेशात नायिका ब्रुनहिल्डे आपल्या मृत पतीच्या चितेत घोड्यासह उडी घेते, ऱ्हाइन नदीला पूर येतो आणि देवांचा प्रासाद जळून जातो. सोप्रानो गायिकेच्या आवाजाची कसोटी पाहणारा हा प्रवेश आहे.

ज्युलियन मिचेल यांनीच लिहिलेल्या या भागात ग्लॅडिस प्रोबर्ट ही जगप्रसिद्ध वेल्श सोप्रानो मानद पदवी स्वीकारण्यासाठी ऑक्सफर्डला येते. पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत तिला गोळी लागते. प्रोबर्टची भूमिका शीला गिश यांनी केली. तिचा गाण्याचा आवाज स्कॉटिश सोप्रानो जॅनिस केली यांचा आहे. विद्यापीठाच्या कुलपतीच्या भूमिकेत जॉन गिलगुड आणि अँड्र्यू बेडन या धनाढ्य उद्योगपतीच्या भूमिकेत रॉबर्ट हार्डी आहेत. प्रोबर्ट ही मॉर्सची आराध्य गायिका असल्याने सुरुवातीला तो तिच्यावरील हल्ला म्हणूनच घटनेकडे पाहतो. गोळी खरोखर तिच्यासाठी होती की मिरवणुकीत तिच्याबरोबर असलेल्या दुसऱ्या कोणासाठी, हा प्रश्न उशिरा पुढे येतो आणि तपास दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांच्या इतिहासापर्यंत जातो.

वाग्नरच्या संगीताची निवड येथे योगायोगाने झालेली नाही. वाग्नरने यहुदीविरोधी लेखन केले होते. त्याच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी नाझी राजवटीने त्याच्या संगीताला राष्ट्रीय प्रतीकाचे स्थान दिले आणि बायरॉइट महोत्सवाला हिटलरचा आश्रय लाभला. या संगीतावर मनापासून प्रेम करणाऱ्या श्रोत्यापुढे हा इतिहास कायम उभा राहतो. मॉर्सही त्यातून सुटत नाही. ऑक्सफर्डमध्ये झगे घालून मिरवणाऱ्या प्रतिष्ठितांपैकी कोणाचा भूतकाळ कसा आहे, हे तपासाच्या ओघात समजत जाते. शीर्षकातील 'देव' म्हणजे आराध्य गायिका, विद्यापीठातील मान्यवर आणि पैशाच्या बळावर मानमरातब मिळवणारे दाते असे सर्वच ठरतात. गायिकाही प्रत्यक्षात तिच्या आवाजासारखी उदात्त नाही, हे मॉर्सला कळते. मात्र तिचे गाणे ऐकणे तो सोडत नाही. कलाकृती आणि कलाकार यांच्या नात्याचा निकाल हा भाग देत नाही आणि ते योग्यच आहे.

== गायिकांचे आवाज ==

२५ मार्च १९९२ रोजी प्रसारित झालेल्या 'द डेथ ऑफ द सेल्फ' या भागात मॉर्स आणि लुईस तपासासाठी उत्तर इटलीतील व्हिचेंझा परिसरात जातात. आत्मविश्वास गमावलेली निकोल बर्जेस ही ऑपेरा गायिका या कथेच्या केंद्रस्थानी आहे. तिची भूमिका फ्रान्सिस बार्बर यांनी, तर तिच्यावर प्रभाव टाकणाऱ्या मानसोपचाराच्या गटाच्या प्रमुखाची भूमिका मायकेल किचन यांनी केली. ऑपेराच्या मायदेशी येऊन मॉर्स खुलतो आणि परक्या भाषेत, परक्या कायद्यात वावरणारा लुईस वैतागतो. दोघांच्या नेहमीच्या भूमिकांना येथे गमतीदार वळण मिळते.

पडद्यावरील अभिनेत्रींनी ओठ हलवायचे आणि गळा व्यावसायिक गायिकेचा असायचा, ही रीत भारतीय प्रेक्षकाला पार्श्वगायनामुळे नवी नाही. मॉर्स मालिकेत हे काम प्रामुख्याने जॅनिस केली यांनी केले. त्या स्वतः रंगमंचावरील ऑपेरा गायिका असल्याने त्यांच्या गायनात तयारीचा अभाव कोठे जाणवत नाही. अडचण झालीच तर ती अभिनेत्रींच्या श्वासोच्छ्वासाचा आणि आवाजाचा मेळ घालताना झालेली दिसते.

== ऑपेराबाहेरील संगीत ==

मॉर्स म्हणजे ऑपेरा असे समीकरण लोकप्रिय असले, तरी मालिकेतील अनेक लक्षणीय संगीतप्रसंग ऑपेराबाहेरचे आहेत. 'डेड ऑन टाइम' (१९९२) या भागात मॉर्सची तरुणपणीची प्रेयसी अनेक वर्षांनी त्याच्या आयुष्यात परत येते. या भागात फ्रान्झ शुबर्टचे तंतुवाद्यांसाठीचे पंचक योजले आहे. शुबर्टने ही रचना १८२८ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी आलेल्या मृत्यूच्या काही आठवडे आधी पूर्ण केली. नेहमीच्या चार वाद्यांत दुसऱ्या चेलोची भर पडल्याने तिचा नाद खालच्या पट्टीत गडद होतो. तिचा संथ दुसरा भाग या कथेतील न बोलल्या गेलेल्या भावनांचे काम करतो. येथे गाणारा आवाज नसणेच अर्थपूर्ण आहे, कारण मॉर्सलाही जे म्हणायचे आहे ते म्हणता येत नाही.

१५ एप्रिल १९९२ रोजी प्रसारित झालेला 'चेरुबिम अँड सेराफिम' हा भाग याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तोही डॅनी बॉयल यांनीच दिग्दर्शित केला. मॉर्सच्या नात्यातील एका किशोरवयीन मुलीच्या आत्महत्येचा माग काढताना त्याला त्या काळातील तरुणांच्या 'रेव्ह' नृत्यमेळाव्यांच्या जगात जावे लागते. यंत्रांनी निर्माण केलेले, एकाच ठेक्याचे आणि कानठळ्या बसवणारे हे संगीत त्याला परके आहे. तरीही त्यात बेभान होणाऱ्या मुलांना जे मिळते, ते त्याला वाग्नरमध्ये मिळणाऱ्या गोष्टीपेक्षा फार निराळे आहे का, असा प्रश्न हा भाग उपस्थित करतो.

'द रिमोर्सफुल डे' या अंतिम भागात मॉर्स एक्झिटर कॉलेजच्या आवारातील हिरवळीवर हृदयविकाराच्या झटक्याने कोसळतो. त्या वेळी गाब्रिएल फोरे यांच्या 'रेक्विएम'मधील 'इन पॅराडिसम' हा शेवटचा विभाग वृंद गात असतो. मृताच्या आत्म्याला देवदूतांनी स्वर्गात न्यावे, अशी प्रार्थना त्या लॅटिन शब्दांत आहे. श्रद्धा नसलेल्या नायकाच्या वाट्याला प्रार्थनासंगीत येते आणि आयुष्यभर ऐकलेला वाग्नर तेथे नसतो. भव्य आणि ज्वालांनी वेढलेल्या ऑपेरातील मृत्यूऐवजी दिग्दर्शकाने निवडलेला हा शांत शेवट पहिल्या भागातील वृंदगायनाशी जुळतो.

== 'एंडेव्हर' मालिकेतील ऑपेरा ==

मॉर्सच्या तरुणपणावर आधारित 'एंडेव्हर' ही मालिका रसेल लुईस यांनी लिहिली. तिचा प्रारंभीचा एकल भाग २ जानेवारी २०१२ रोजी प्रसारित झाला आणि मालिका २०२३ साली संपली. मॉर्सची भूमिका शॉन इव्हान्स यांनी केली.

१९६५ साली घडणाऱ्या पहिल्या भागातच रोझलिंड कॅलोवे ही निवृत्त ऑपेरा गायिका येते. तिच्या ध्वनिमुद्रिका ऐकत मॉर्स वाढलेला असतो. या भागात पुच्चीनीच्या 'मादामा बटरफ्लाय'मधील 'उन बेल दी' ही आरिया आहे. पतीच्या परतण्याची वाट पाहणाऱ्या जपानी स्त्रीचे हे गीत आहे. तपासाचा धागा अखेर कॅलोवेपर्यंतच पोहोचतो. ज्या आवाजाने मॉर्सला तरुणपणी सावरले, त्याच आवाजाच्या धनिणीला त्याने कायद्यासमोर उभे करायचे, असा हा पेच आहे. जुन्या मालिकेतील प्रौढ मॉर्स गायिकांविषयी एवढा हळवा आणि एवढा सावध का, याचे उत्तर पंचवीस वर्षांनी मागे जाऊन दिले गेले.

२१ एप्रिल २०१३ रोजी प्रसारित झालेल्या 'फ्यूग' या भागात एक खुनी ऑपेरांतील मृत्यूंच्या नमुन्यावर खून करीत सुटतो. व्हेर्दीच्या 'ऑथेल्लो'तील डेस्डिमोना पतीच्या हातून गुदमरून मरते आणि 'आयडा'ची नायिका प्रियकरासह बंद थडग्यात जिवंतपणी मरण स्वीकारते. लेओ दलीब यांच्या 'लाक्मे'ची नायिका धोतऱ्याचे पान खाऊन प्राण देते. १८८३ साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या 'लाक्मे'चे कथानक ब्रिटिशकालीन भारतात घडते. टाटा समूहाने १९५२ साली सुरू केलेल्या सौंदर्यप्रसाधनांचे नाव याच ऑपेरावरून आले आहे. या भागात ऑपेराचे ज्ञान हेच तपासाचे मुख्य साधन ठरते. पोलीस ठाण्यात चेष्टेचा विषय असलेली मॉर्सची आवड प्रथमच त्याच्या वरिष्ठांच्या उपयोगी पडते. कथेतील योगायोग मात्र ताणलेले आहेत. इतक्या विद्वान खुन्याला तितकाच विद्वान पोलीस भेटावा, ही अपेक्षा प्रेक्षकाने मान्य केली तरच तो भाग पटतो.

मधल्या काळातील 'लुईस' (२००६–२०१५) या मालिकेचे संगीतही फेलुंग यांचेच होते. तिच्यात ऑपेराचे स्थान गौण आहे. लुईसचा सहकारी हॅथवे हा गिटार वाजवणारा तरुण असल्याने संगीतप्रेमाची बाजू त्याच्याकडे गेली.

== ध्वनिमुद्रिका ==

मालिकेतील संगीताच्या ध्वनिमुद्रिका १९९० च्या दशकाच्या प्रारंभी व्हर्जिन या कंपनीने तीन खंडांत प्रकाशित केल्या. त्यांत फेलुंग यांच्या मूळ रचना आणि मालिकेत वापरलेले अभिजात संगीत एकाआड एक येते, तसेच जॅनिस केली यांनी गायलेल्या आरियाही आहेत. त्यांतील आरिया मूळ ऑपेरातून वेगळ्या काढलेल्या असल्याने त्यांचा कथासंदर्भ कळण्यासाठी संबंधित भाग पाहणे किंवा संपूर्ण ऑपेरा ऐकणे आवश्यक ठरते.